स्वसंरक्षणाचा खटला आणि आरोपीचे जुने शब्द



स्वसंरक्षणाचा खटला इतर खुनाच्या खटल्यांपेक्षा एका बाबतीत अगदी वेगळा असतो. मारलं कोणी, कशानं, कुठं, किती वाजता, यावर तिथं फारसा वाद होत नाही. गोळी मी झाडली, कोयता माझ्याच हातात होता, हे आरोपी स्वतःच मान्य करतो. वाद असतो तो त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं याचा. जिवाची भीती होती, की आधीपासून साठलेला राग होता? मन कुणालाच दिसत नाही. म्हणून सरकार पक्ष त्याच्या जुन्या बोलण्याकडे वळतो. महिन्यापूर्वी चहाच्या टपरीवर तो काय म्हणाला होता, मित्राला काय लिहिलं होतं, भांडणात कुणाला काय धमकी दिली होती, हे सगळं गोळा करून न्यायालयापुढे ठेवलं जातं. त्यातलं काय ऐकायचं आणि काय दाराबाहेर ठेवायचं, एवढाच आज माझा विषय आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर जिल्हा न्यायालयात आरोपीच्या बाजूनं उभं राहण्याचं काम केलं. त्यांच्या नावानं बोलताना मला हाच विषय योग्य वाटला.

सुरुवात न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यापासून करतो, कारण या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एकाच खटल्यात इतक्या स्पष्ट क्वचितच दिसतात.

२२ डिसेंबर १९८४, शनिवार. भर दुपारी बर्नहार्ड गेट्झ नावाचा सदतीस वर्षांचा गोरा माणूस १४व्या स्ट्रीटच्या स्टेशनवर भुयारी रेल्वेच्या दोन नंबरच्या गाडीत चढला. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा त्याचा छोटा व्यवसाय होता. डब्यात ब्राँक्स भागातले चार कृष्णवर्णीय तरुण होते. त्यांच्यापैकी एकानं जवळ येऊन त्याच्याकडे पाच डॉलर मागितले. गेट्झ उठला, कोटातून विनापरवाना रिव्हॉल्व्हर काढलं आणि पाच गोळ्या झाडल्या. चौघेही जखमी झाले. त्यांतल्या एकाचा मज्जारज्जू तुटला आणि त्याचं कमरेखालचं शरीर कायमचं निकामी झालं. चौघांपैकी कुणाकडेही पिस्तूल नव्हतं. दोघांच्या कोटात स्क्रू-ड्रायव्हर सापडले, ते व्हिडिओ गेमच्या यंत्रांतली नाणी काढण्यासाठी होते. गेट्झ रुळांवर उतरून बोगद्यातून पळून गेला आणि ३१ डिसेंबरला न्यू हॅम्पशायर राज्यातल्या काँकर्ड शहरात पोलिसांपुढे हजर झाला.

तिथं तो तासन्‌तास बोलला. त्याचं आधी ध्वनिमुद्रण झालं, मग चित्रफीत झाली. १९८१ मध्ये कॅनाल स्ट्रीटच्या स्टेशनवर आपल्याला तिघांनी लुटलं, दुखापत केली, पिस्तुलाचा परवाना मागितला तर नाकारला, हे त्यानं सांगितलं. गाडीतल्या पोरांकडे पिस्तूल नसावं अशी आपली खात्री होती, पण ते आपल्याला लुळंपांगळं करतील अशी भीती होती, असंही सांगितलं. आणि पुढे जे बोलला ते ऐकून अंगावर काटा येतो: त्यांना ठार मारायचं होतं, दुखवायचं होतं, जवळ आणखी गोळ्या असत्या तर पुन्हा पुन्हा झाडल्या असत्या. खाली बसलेल्या एका मुलाला उद्देशून, तुला फारसं काही झालेलं दिसत नाही, ही घे आणखी एक, अशा अर्थाचं वाक्य आपण बोललो, हेही त्यानं सांगितलं.

पहिल्या ग्रँड ज्युरीनं त्याच्यावर फक्त शस्त्र बाळगल्याचा आरोप ठेवला. दुसरीनं मार्च १९८५ मध्ये खुनाच्या प्रयत्नाचे आरोप ठेवले. खालच्या न्यायालयांनी ते रद्द केले आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयात गेलं. ८ जुलै १९८६ रोजी मुख्य न्यायाधीश सोल वॉक्टलर यांनी निकाल दिला. आरोपीला भीती खरोखर वाटली एवढं पुरत नाही, त्याच्या जागी असलेल्या समंजस माणसालाही ती वाटली असती असं दिसायला हवं, असं त्यांनी ठरवलं. मात्र ‘त्याच्या जागी’ या शब्दांत आरोपीचे आधीचे अनुभवही येतात, हेही त्यांनी मान्य केलं. म्हणजे १९८१ ची लूट खटल्यात आली. गेट्झचा भूतकाळ आत आला, आणि तो त्याच्या बाजूनं आला.

आता त्याच्या शब्दांकडे वळू. गोळीबाराच्या अठरा महिने आधी, आपल्या वस्तीतल्या रहिवाशांच्या एका सभेत, रस्ता साफ करायचा तर कृष्णवर्णीय आणि लॅटिन लोकांना इथून हटवावं लागेल, अशा अर्थाचं वाक्य तो बोलला होता. दोन्ही समाजांसाठी त्यानं शिवीचे शब्द वापरले होते. शेजारी राहणाऱ्या एका बाईंनी हे ऐकलं होतं आणि नंतर जाहीरपणे सांगितलं होतं. फौजदारी खटल्यात हे वाक्य ज्युरीपुढे येऊ दिलं गेलं नाही. १६ जून १९८७ रोजी ज्युरीनं त्याला खुनाच्या प्रयत्नातून आणि मारहाणीच्या आरोपांतून मुक्त केलं. शिक्षा झाली ती फक्त विनापरवाना शस्त्राबद्दल.

ते वाक्य बाहेर ठेवलं ते बरोबर झालं का? माझं उत्तर दोन टप्प्यांत आहे, आणि दुसरा टप्पा मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

पहिल्या टप्प्यात मी म्हणेन, बरोबर झालं. सभेतलं ते वाक्य या चार मुलांबद्दल नव्हतं, त्या दुपारच्या गाडीबद्दल नव्हतं. ते एका माणसाच्या मनातल्या द्वेषाबद्दल होतं. द्वेष बाळगणारा माणूस एखाद्या दिवशी खरोखरच जीव वाचवण्यासाठी गोळी झाडू शकतो. कायद्यानं त्याच्या द्वेषाला शिक्षा करायची नाही, त्या दिवशीच्या कृत्याला करायची आहे. ते वाक्य ऐकल्यावर बारा माणसं गोळ्यांचा क्रम, अंतर, मुलांच्या हालचाली यांचा विचार करायचं सोडून या माणसाबद्दल मत बनवतील, ही भीती खरी आहे.

पण खटला पुढे सरकला. बचाव पक्षाचे वकील बॅरी स्लॉटनिक यांनी न्यायालयात प्रात्यक्षिक करून दाखवलं. गार्डियन एंजल्स या स्वयंसेवक संघटनेतले चार कृष्णवर्णीय तरुण त्यांनी आणले, त्यांना त्या चौघांच्या जागी उभं केलं आणि गेट्झ डब्यात कसा वेढला गेला असेल याचं चित्र ज्युरीपुढे उभं केलं. वंशाबद्दल एक शब्दही न उच्चारता वंश न्यायालयात हजर झाला. चार काळ्या तरुणांना पाहून कुणालाही धडकी भरेल, हेच तर त्या प्रात्यक्षिकाचं म्हणणं होतं. त्या घटकेनंतर आरोपीची भीती कुठून येत होती हा प्रश्न बचाव पक्षानं स्वतःच टेबलावर ठेवला होता. तेव्हा सभेतलं ते वाक्य, केवळ या एका मुद्द्याचं उत्तर म्हणून आणि न्यायाधीशांच्या स्पष्ट सूचनेसह, आत घ्यायला हवं होतं. एका बाजूच्या भूतकाळाला दार उघडं आणि दुसऱ्या बाजूला बंद, असं चालणार नाही. माझ्या मते १९८७ चा अन्याय त्या पहिल्या आदेशात नव्हता. त्या आदेशाचा फेरविचार झाला नाही, तिथं होता.

१९९६ मध्ये कमरेखाली लुळ्या झालेल्या त्या तरुणाचा दिवाणी दावा ब्राँक्समध्ये उभा राहिला. सभेत ते शब्द आपण वापरले होते अशी कबुली गेट्झनं दिवाणी प्रकरणात दिली. या दाव्यात तो स्वतः साक्ष द्यायला उभा राहिला आणि त्याच्या तोंडची वांशिक भाषा ज्युरीपुढे आली. ज्युरीनं ४ कोटी ३० लाख डॉलरची भरपाई ठरवली. तोच माणूस, तोच डबा, तेच पाच आवाज. पुराव्याचं दार किती उघडं ठेवायचं, यानं निकाल किती पालटतो पाहा. दिवाणी दाव्यात ते शब्द यावेत यात मला काही गैर वाटत नाही. तिथं कुणाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं नसतं, आणि दंडात्मक भरपाई ठरवताना मनातला आकस हाच विचाराचा विषय असतो.

या खटल्याची आणखी एक बाजू आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. काँकर्डची ती चित्रफीत सरकार पक्षानं स्वतः ज्युरीला दाखवली. गेट्झ साक्षीला उभाच राहिला नाही, त्यामुळे त्याचं मन ज्युरीला कळलं ते त्या चित्रफितीतूनच. सरकारी वकिलांना वाटलं, माणूस स्वतःच्या तोंडानं ठार मारायचं होतं म्हणतोय, आणखी काय हवं? ज्युरीपुढे मात्र पडद्यावर होता एक थरथरणारा, घाबरलेला, स्वतःवर चिडलेला माणूस. आरोपीचे शब्द कागदावर एक सांगतात आणि त्याच्या तोंडून ऐकताना दुसरंच सांगतात. पुराव्याबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं.

आता आपल्याकडे येतो. या प्रश्नाचं उत्तर भारतीय कायद्यात १८७२ पासून लिहून ठेवलेलं आहे, आणि ते इतकं थोडक्यात आहे की अनेक वर्षं वकिली केलेले लोकही त्यावरून पुढे निघून जातात. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १४ मध्ये मनाची स्थिती सिद्ध करण्याचा नियम होता, आणि त्याखाली काही उदाहरणं दिली होती. शेवटच्या दोनांपैकी पहिलं असं: ‘अ’ वर ‘ब’ ला गोळी घालून मारल्याचा खटला आहे, ‘अ’ नं यापूर्वीही ‘ब’ वर गोळ्या झाडल्या होत्या ही गोष्ट संबद्ध आहे, पण ‘अ’ ला लोकांवर गोळ्या झाडायची सवयच होती ही गोष्ट असंबद्ध आहे. त्यापुढचं उदाहरण तर थेट आपल्या विषयाचं. एखाद्यावर एका गुन्ह्याचा खटला चालू आहे. नेमका तोच गुन्हा करण्याचा इरादा दिसेल असं तो काही बोलला असेल, तर ते संबद्ध. त्या प्रकारचे गुन्हे करण्याकडे त्याचा एकूण कल दिसेल असं काही बोलला असेल, तर ते असंबद्ध.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम बाराव्या क्रमांकावर आलं. नियम तोच राहिला. पूर्वीचं कलम ५४, आताचं कलम ४९, हेही त्याच घराण्यातलं. आरोपीचं वाईट चारित्र्य सरकार पक्षाला आपणहून दाखवता येत नाही. आरोपीनं स्वतः चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला, तर मात्र उत्तरादाखल ते दाखवता येतं. गेट्झच्या खटल्याबद्दल मी दोन टप्प्यांत जे बोललो, ते या दोन कलमांत आधीच सामावलेलं आहे.

आपल्या जिल्ह्यांतल्या खटल्यांत हा नियम कसा लागतो? शेताच्या बांधावरून दोन भावकींत वाद. बांध कोरला, पाटाचं पाणी तोडलं, वहिवाटीचा रस्ता अडवला, असं काही निमित्त. दोन्हीकडून काठ्या, कुऱ्हाडी निघतात. एक जण मरतो, आरोपीच्या डोक्यालाही टाके पडतात. तो म्हणतो, माझ्यावर वार आला म्हणून मी कुऱ्हाड चालवली. मयताचा चुलतभाऊ साक्ष देतो की महिन्यापूर्वी यानं ग्रामपंचायतीसमोर मयताला ‘तुझा मुडदा पाडीन’ म्हटलं होतं. हे वाक्य त्याच माणसाला उद्देशून आहे, त्याच वादातलं आहे, म्हणून कलमाच्या चौकटीत ते बसतं. न्यायालयानं ते ऐकलंच पाहिजे. पण ऐकणं आणि त्यावर विसंबणं यांत फार अंतर आहे. आपल्याकडे भांडणात ‘बघून घेईन’, ‘तंगडं मोडीन’, ‘जिता सोडणार नाही’ ही वाक्यं ज्या मोकळेपणानं येतात, त्यावरून इरादा ठरवायचा तर निम्मं गाव आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागेल. दुसरं म्हणजे, ही वाक्यं आठवणारे साक्षीदार मयताच्या घरचे असतात, आणि ती आठवण बहुधा फिर्यादीत नसते, पोलिसांपुढच्या जबाबात नसते, न्यायालयातच पहिल्यांदा येते. अशा ओमिशनवर उलटतपासणी करणं हे बचावाच्या वकिलाचं रोजचं काम आहे. याउलट आरोपीच्या डोक्यावरची जखम तिथंच असते, वैद्यकीय दाखल्यात नोंदलेली असते. आरोपीच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षानं केला नाही, तर सरकार पक्षाच्याच कहाणीवर संशय येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७६ च्या लक्ष्मी सिंह निकालात सांगितलं आहे. महिन्यापूर्वीच्या एका वाक्यापेक्षा त्या दिवशीची जखम जास्त बोलते, हे मी ठामपणे सांगेन.

आणि धमकी दोन्हीकडून असते. मयतानं आरोपीला दिलेल्या धमक्या आरोपीनं स्वतः ऐकल्या असतील, तर त्याची भीती वाजवी होती की नाही हे ठरवायला त्या थेट उपयोगी पडतात. सरकार पक्ष आरोपीचे जुने शब्द आणतो तेव्हा मयताचे शब्द आणायची मुभा बचावालाही तितकीच मोकळी हवी. स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला, तरी तो सरकार पक्षाइतका जड नाही. शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकवलं की पुरे. आरोपीनं हा बचाव तोंडानं घेतला नसेल आणि पुराव्यातून तो दिसत असेल, तरीही न्यायालयानं त्याचा विचार करावा, हे १९६८ च्या मुन्शी राम निकालापासून मान्य आहे.

पोलिसांपुढच्या बोलण्याबाबत मात्र आपली आणि अमेरिकेची वाट पूर्ण वेगळी आहे. काँकर्डची ती चित्रफीत भारतात आरोपीविरुद्ध आलीच नसती. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. आरोपी स्वतः ठाण्यात जाऊन फिर्याद देतो आणि त्यात मी मारलं असं लिहून देतो, तेव्हाही त्यातली कबुली वगळावी लागते, हे १९६६ च्या अघ्नू नागेसिया निकालात स्पष्ट झालं. कुणाला ही अतिसावधगिरी वाटेल. मला तसं वाटत नाही. ठाण्यात रात्री काय झालं हे भिंतींखेरीज कुणी पाहिलेलं नसतं, अशा देशात हा नियम आरोपीचं शेवटचं छप्पर आहे.

पोलिस सोडून दुसऱ्या कुणाला सांगितलेलं मात्र वापरता येतं. कमांडर नानावटी यांच्या खटल्यात ते दिसलं. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडून बाहेर पडताना नानावटी इमारतीच्या पहारेकऱ्याशी जे बोलले, त्यात आपल्या पत्नीशी असलेल्या आहुजांच्या संबंधांवरून भांडण झालं म्हणून मारलं असा आशय होता. न्यायालयात त्यांचा बचाव होता की झटापटीत रिव्हॉल्व्हर उडालं. पहारेकऱ्याशी बोललेल्या वाक्यात झटापटही नव्हती, अपघातही नव्हता. नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली, तेव्हा हे वाक्य त्यांच्या विरोधात गेलं. तो स्वसंरक्षणाचा खटला नव्हता, हे मला माहीत आहे. पण घटनेनंतरचं पहिलं, न ठरवता तोंडून आलेलं वाक्य किती वजनदार ठरू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण महाराष्ट्रात नाही. अशा वाक्याला मी महिन्यापूर्वीच्या धमकीच्या कितीतरी वर ठेवीन. ते त्याच प्रसंगाचं असतं.

जुन्या लेखनातून मन सिद्ध करण्याचा एक मोठा प्रयोगही याच मुंबईनं पाहिला आहे. १९०८ मध्ये टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला ‘केसरी’तल्या दोन लेखांवर होता, तरी त्यांचा हेतू दाखवण्यासाठी सरकार पक्षानं इतर लेख पुढे आणले. झडतीत सापडलेलं एक पोस्टकार्डही आणलं. स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं त्यावर होती. सरकारच्या नव्या स्फोटक कायद्यातली व्याख्या तपासण्यासाठी ती टिपून ठेवली, असं टिळकांनी ज्युरीला सांगितलं. एका अभ्यासू माणसाचं टिपण ज्युरीपुढे बॉम्बच्या सावलीत वाचलं गेलं. माणसाचं सगळं लेखन एकदा न्यायालयात उघडलं की निरुपद्रवी ओळींनाही कसा रंग चढतो, हे त्या पोस्टकार्डावरून कळतं.

आता अलीकडचे दोन अमेरिकी खटले, थोडक्यात. २५ ऑगस्ट २०२० च्या रात्री विस्कॉन्सिनमधल्या केनोशा शहरात दंगलीच्या वातावरणात सतरा वर्षांच्या काइल रिटनहाउसनं रायफलीनं तिघांवर गोळ्या झाडल्या, दोघं मेले. पंधरा दिवस आधीच्या एका चित्रफितीत तो मोटारीत बसून एका औषधांच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या लोकांकडे पाहत म्हणतो की आपली रायफल जवळ असती तर यांच्यावर गोळ्या झाडल्या असत्या. न्यायाधीश ब्रूस श्रोडर यांनी ती चित्रफीत बाहेर ठेवली. सरकारी वकिलांनी उलटतपासणीत तो विषय पुन्हा काढला, तेव्हा ज्युरीला बाहेर पाठवून त्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी रिटनहाउस सुटला. चित्रफितीतली माणसं वेगळी, प्रसंग वेगळा, म्हणून स्टीफन यांच्या उदाहरणानुसार ती बाहेरच राहते, असं माझं मत आहे. तिथंही तोल सांभाळला गेला: पहिली गोळी ज्याला लागली, त्यानं त्याच रात्री दिलेली धमकी ज्युरीनं ऐकली, पण त्याचे जुने गुन्हे ज्युरीपासून दूर ठेवले.

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराचा खटला याच्या उलट बाजूला बसतो. डॅनियल पेरी हा लष्करातला सार्जंट. २५ जुलै २०२० रोजी मोर्चाच्या गर्दीत त्यानं मोटार घातली आणि रायफल घेतलेल्या एका मोर्चेकऱ्यावर गोळ्या झाडल्या. त्या मोर्चेकऱ्यानं आपल्यावर नेम धरण्याची वाट पाहायची नव्हती, अशा अर्थाचं तो पोलिसांना म्हणाला होता, आणि ते वाक्य ज्युरीनं ऐकलं. आंदोलकांना गोळ्या घालण्याबद्दल आधीच्या आठवड्यांत त्यानं मित्राला लिहिलेले काही संदेशही ज्युरीपुढे आले. हे संदेश त्याच आंदोलनांबद्दल, त्याच उन्हाळ्यातले होते. आपल्या जुन्या चौदाव्या कलमाच्या रेषेच्या ते आतल्या बाजूला पडतात, जेमतेम का होईना, असं मला वाटतं. वंशद्वेषानं भरलेलं त्याचं इतर बरंच लेखन मात्र एप्रिल २०२३ मध्ये तो दोषी ठरल्यावरच खुलं झालं आणि शिक्षा ठरवताना वापरलं गेलं. पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. मे २०२४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली आणि तो बाहेर आला. माफीचा प्रश्न राजकारणाचा आहे, तो मी इथं ओढत नाही. पण पुराव्याच्या दृष्टीनं त्या न्यायालयानं जी वाटणी केली, म्हणजे त्या प्रसंगाशी जोडलेले शब्द निकालाआधी आणि द्वेषाचं उरलेलं लेखन निकालानंतर, ती मला आजवर पाहिलेली सर्वांत न्याय्य वाटणी वाटते.

आता आपल्या न्यायालयांत येणाऱ्या दिवसांबद्दल. पूर्वी आरोपीचे जुने शब्द साक्षीदाराच्या आठवणीतून येत. आता ते मोबाइलमधून येतात. मुद्देमालात जप्त झालेला फोन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि हजारो संदेशांचा गठ्ठा दोषारोपपत्राला जोडला जातो. त्यात आरोपीनं चिडून लिहिलेलं, गमतीत लिहिलेलं, दुसऱ्याचं पुढे पाठवलेलं, सगळं एकत्र असतं. त्यासाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्राबाबत २०२० चा महत्त्वाचा निकाल जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून आला, अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या प्रकरणात. पण प्रमाणपत्र एवढंच सांगतं की संदेश खरोखर त्या फोनमध्ये होता. तो संबद्ध आहे की नाही, हे ते सांगत नाही. आपल्याकडे बऱ्याचदा प्रमाणपत्र जोडलं की संदेश आपोआप निशाणी पडून आत येतो, आणि कलम १२ विचारण्याची वेळच येत नाही.

शिवाय आपल्याकडे ज्युरी नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. अमेरिकेत न्यायाधीश संदेश वाचतो आणि ज्युरीला वाचू देत नाही. आपल्याकडे जो न्यायाधीश संदेश बाहेर ठेवतो, त्यानंच तो वाचलेला असतो, आणि निकालही तोच देतो. २००१ च्या बिपिन शांतिलाल पांचाळ निकालानुसार पुराव्यावरचे आक्षेप नोंदवून ठेवायचे आणि अंतिम निकालात ठरवायचे, अशी पद्धत रूढ झाली. खटले लांबू नयेत हा तिचा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की द्वेषाचे संदेश वर्षानुवर्षं अभिलेखात राहिले, प्रत्येक जामीन अर्जात वाचले गेले, आणि त्यांच्या संबद्धतेचा प्रश्न शेवटच्या पानापर्यंत पोहोचला. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत बदलली: आक्षेप लगेच, नाहीतर त्या साक्षीदाराची साक्ष संपताना तरी ठरवावेत, असा निर्देश दिला.

स्वसंरक्षणाच्या खटल्यात हा निर्देश काटेकोर पाळला जावा, ही माझी न्यायाधीशांना आणि विशेषतः बचावाच्या तरुण वकिलांना विनंती आहे. आरोपीचं जुनं वाक्य पुढे आलं की तिथल्या तिथे आक्षेप घ्या आणि लेखी आदेश मागा. त्या आदेशात चार गोष्टी याव्यात: वाक्य नेमकं कोणतं, कुणाला उद्देशून, घटनेच्या किती आधी, आणि मनाच्या कोणत्या नेमक्या मुद्द्यावर ते वापरायचं आहे. या चारांपैकी एक जरी रकाना भरता आला नाही, तर ते वाक्य बाहेर ठेवा आणि निकालपत्रात त्याचा उल्लेखही करू नका. बचावानं आरोपीच्या भीतीसाठी त्याचा भूतकाळ उघडला असेल, तर त्या मुद्द्यापुरता आदेश पुन्हा तपासा आणि तो का बदलला हेही लिहा. अपिलात वरच्या न्यायालयाला हे कागद दिसले पाहिजेत, कारण आरोपीचे जुने शब्द कोणत्या दारानं आत आले हे तिथं फक्त त्यांवरूनच समजतं.